एका शितावरून भात कळत नाही: अतिशीत अणूंचे फोटो कसे वाचायचे

भाचीच्या कॉलेजात, भौतिकशास्त्र विभागाच्या पॅसेजमध्ये, एक जुनं पोस्टर लावलेलं आहे. त्यावर तीन डोंगर आहेत. डावीकडचा बसका आणि लाल-पिवळा. मधल्याच्या बुडाशी तोच पसारा, पण मध्यातून एक टोक वर आलेलं. उजवीकडे पसारा जवळजवळ गायब आणि लिंगाण्यासारखा उभा निळा-पांढरा सुळका. तिने फोटो काढून पाठवला आणि विचारलं, “मामा, हा कुठल्या ग्रहाचा फोटो आहे?”

ग्रह नाही, अणू आहेत. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर गावी ‘जिला’ नावाची संस्था आहे. तिथे ५ जून १९९५ रोजी एरिक कॉर्नेल आणि कार्ल वाइमन यांच्या गटाने रुबिडियम या धातूचे अणू इतके थंड केले की त्यातले सुमारे दोन हजार अणू एकच अणू असल्यासारखे वागू लागले. अशा अवस्थेला बोस-आइनस्टाइन संघनित म्हणतात. हे पोस्टर त्याचंच. क्वांटम जगातलं हे बहुधा सर्वांत जास्त छापलं गेलेलं चित्र असेल, आणि माझ्या मते सर्वांत जास्त चुकीचं वाचलं गेलेलंही.

चूक अशी होते की आपण ते फोटो म्हणून बघतो. ती उंची म्हणजे उंची नाही, अणूंची संख्या आहे: जिथे जास्त अणू तिथे चित्र वर उचललेलं. रंगही तेच सांगतात, लाल म्हणजे कमी अणू, पांढरा म्हणजे जास्त. अणू काही लाल किंवा निळे नव्हते. आणि जमिनीवरची जागा ही जागाही नाही, वेग आहे. सुळक्याच्या पायथ्याशी मधोमध असलेले अणू जवळजवळ थांबलेले, कडेचे पळणारे. एवढं कळलं की चित्र बोलायला लागतं. डावीकडे अणू सगळ्या वेगांत विखुरलेले आहेत आणि उजवीकडे बहुतेक सगळे एकाच, कमीत कमी वेगाच्या अवस्थेत गोळा झालेले. तापमान डावीकडून उजवीकडे साधारण ४००, २०० आणि ५० नॅनोकेल्विन. नॅनो म्हणजे एक अब्जांश, तेव्हा ही तापमानं निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सिअसच्या, वर एका अंशाच्या काही कोट्यंश एवढीच होती.

पण वेगाचा फोटो काढतात कसा? आणि अणूंची लाट, जिच्याबद्दल पुस्तकात एवढं लिहिलेलं असतं, ती फोटोत येते का? सगळी मजा या दोन प्रश्नांत आहे. मात्र त्याआधी थंडावा.

माठ आणि लेझर

खोलीच्या तापमानाला रुबिडियमचा अणू सेकंदाला सुमारे २९० मीटर वेगाने पळतो, म्हणजे ताशी हजार किलोमीटरच्या वर. त्याला थांबवायला प्रकाशाचा धक्का वापरतात. प्रकाशाचा एक कण, फोटॉन, अणूवर आदळला की अणूचा वेग सेकंदाला सहा मिलिमीटरने बदलतो. हत्तीला मुंगीने ढकलावं तसं. पण अशा सुमारे पन्नास हजार धडका समोरून बसल्या तर अणू थांबतो, आणि योग्य रंगाचा लेझर असेल तर सेकंदाला कोट्यवधी धडका देता येतात. मुंग्यांची फौज हत्तीला काही मिलिसेकंदांत जागच्या जागी उभं करते.

पाठीमागून धडका बसून अणूचा वेग वाढणार नाही, हे मात्र बघावं लागतं. त्यासाठी रेल्वेच्या शिट्टीची युक्ती आहे. गाडी आपल्याकडे येत असताना शिट्टी चढ्या स्वरात ऐकू येते आणि लांब जाताना उतरलेली. अणूला ठरावीक ‘स्वराचा’ प्रकाशच गिळता येतो. म्हणून लेझर मुद्दाम किंचित खालच्या स्वराला लावतात. अणू ज्या लेझरच्या दिशेने पळतो आहे तो त्याला चढलेला, म्हणजे बरोबर स्वरात ऐकू येतो आणि तोच त्याला अडवतो. पाठचा लेझर बेसूर वाटतो, त्याच्याकडे अणू दुर्लक्ष करतो. वर-खाली, डावी-उजवी, पुढे-मागे असे सहा किरण लावले की अणू कुठेही पळो, समोरून मार खातो. या शोधांसाठी स्टीव्हन चू, क्लोद कोएन-तानुजी आणि विल्यम फिलिप्स यांना १९९७ सालचं नोबेल मिळालं. रुबिडियमला लागणारा ७८० नॅनोमीटरचा लेझर हा सीडी प्लेअरमध्ये असायचा त्याच जातीचा. म्हणजे जगातला सर्वांत थंड पदार्थ बनवायला लागणारा मुख्य भाग एके काळी घराघरांतल्या म्युझिक सिस्टीममध्ये होता.

लेझरने काम मायक्रोकेल्विनपर्यंत जातं, पुढे अडतं. कारण फोटॉन गिळला की तो बाहेरही टाकावा लागतो आणि त्या प्रत्येक वेळी अणूला छोटा झटका बसतो. धक्के मारून पूर्ण शांत कोणालाच करता येत नाही. मग लेझर बंद करतात आणि अणूंना चुंबकीय क्षेत्राच्या वाडग्यात ठेवतात.

इथून पुढची युक्ती आपल्या आजीला माहीत होती. माठातलं पाणी गार का होतं? झिरपलेल्या पाण्यातले सर्वांत चपळ रेणू वाफ होऊन निघून जातात, जाताना आपल्या वाट्याच्या कितीतरी पट ऊर्जा घेऊन जातात, आणि मागे उरलेले थंड पडतात. बशीत ओतलेला चहा लवकर निवतो त्यातही हेच. चुंबकीय वाडग्यात सर्वांत उनाड अणू काठापर्यंत चढतात. बरोबर त्या काठावर रेडिओ लहरींनी त्यांचं चुंबकत्व उलटं करायचं, की वाडगाच त्यांना बाहेर फेकतो. मग काठ हळूहळू खाली आणायचा. लाखो अणूंपासून सुरुवात करून बोल्डरला शेवटी दोनेक हजार हाती लागले ते असे. बाकीचे सगळे उष्णता उचलून नेण्यात खर्ची पडले.

वाडग्यालाही एक खोड होती. त्याच्या बरोबर तळाशी चुंबकीय क्षेत्र शून्य असतं आणि त्या बिंदूवर अणूची दिशा हरवून तो गळून जातो. अणू जितके थंड तितके ते तळाशी, म्हणजे भोकाशी, जास्त वेळ घुटमळतात. रांजणाच्या बुडालाच भोक! कॉर्नेलने ते भोक वर्तुळात वेगाने फिरवत ठेवलं, म्हणजे अणू तिथे पोचेपर्यंत भोक पुढे सरकलेलं. अमेरिकेतल्याच एमआयटी या संस्थेत वोल्फगांग केटर्ले यांनी सरळ त्या भोकात लेझरचं बूच मारलं आणि १९९५ च्याच सप्टेंबरमध्ये सोडियमचं संघनित मिळवलं. कॉर्नेल, वाइमन आणि केटर्ले यांना २००१ सालचं नोबेल मिळालं.

सगळ्यांची एकच सम

थंड केल्यावर नेमकं बदलतं काय? प्रत्येक अणूला लाटेचंही अंग असतं आणि तो जितका सावकाश तितकी त्याची लाट लांब. खोलीच्या तापमानाला रुबिडियमची लाट नॅनोमीटरच्या शंभराव्या भागाएवढी, म्हणजे अणूच्या स्वतःच्या आकारापेक्षाही लहान असते. म्हणून ती कुठे जाणवत नाही. १७० नॅनोकेल्विनला तीच लाट सुमारे ०.४५ मायक्रोमीटर होते, चाळीस हजार पटींनी लांब. बोल्डरच्या ढगात दोन अणूंमधलं अंतरही साधारण एवढंच होतं. लाटा एकमेकींवर चढायला लागल्या आणि कुठली लाट कुठल्या अणूची हे सांगणं अशक्य झालं. नुसतं आपल्याला नव्हे, निसर्गालाही.

एकसारखे कण ‘हा’ आणि ‘तो’ असे वेगळे न धरता मोजले तर हिशेब बदलतो, हे सत्येंद्रनाथ बोस यांनी ढाक्यात प्रकाशाच्या बाबतीत दाखवलं होतं. आपला लेख त्यांनी ४ जून १९२४ च्या पत्रासोबत आइनस्टाइनला पाठवला. आइनस्टाइनने तो स्वतः जर्मनमध्ये आणून छापवला आणि तोच हिशेब अणूंना लावून सांगितलं की पुरेशा थंडाव्याला अणू एकाच अवस्थेत गोळा होतील. पत्रापासून बोल्डरच्या त्या सकाळपर्यंत एकाहत्तर वर्षं आणि एक दिवस गेला.

“इतकं गार म्हणजे बर्फच होणार ना?” हा भाचीचा प्रश्न रास्त होता. रुबिडियम खरं तर घट्ट धातू व्हायला हवा. पण त्यासाठी निदान तीन अणू एकाच वेळी भेटावे लागतात: दोघांनी जोडी जमवायची आणि तिसऱ्याने सुटलेली ऊर्जा घेऊन जायचं. हा ढग आपल्या हवेपेक्षा सुमारे एक कोटी पट विरळ असतो. तिघांची गाठ पडेपर्यंत काही सेकंद सहज मिळतात, आणि प्रयोगाला तेवढे पुरतात.

सावलीचा खेळ

आता फोटो. ढग जेमतेम केसाच्या जाडीएवढा, निर्वात काचपात्रात अधांतरी. त्याच्यावर अणूंना आवडणाऱ्या नेमक्या स्वराचा लेझर क्षणभर टाकायचा. अणू तो गिळतात आणि इकडेतिकडे उधळतात, त्यामुळे मागच्या कॅमेऱ्यावर त्यांची सावली पडते. पिंगुळीला चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ होतो, तसाच. फरक इतकाच की इथे सावलीचा काळेपणाही मोजतात: जास्त काळं म्हणजे वाटेत जास्त अणू.

कुठल्याही शीत-अणू प्रयोगशाळेत गेलात, पुण्याच्या आयसरमध्ये किंवा मुंबईच्या टीआयएफआरमध्येही, तर पडद्यावर एका ‘फोटो’साठी तीन चौकटी येताना दिसतील. पहिल्या चौकटीत लेझर आहे आणि अणूही. दुसऱ्यात लेझर आहे, पण अणू नाहीत. तिसऱ्यात दोन्ही नाहीत, नुसता कॅमेऱ्याचा काळोख. पहिल्या दोन्हींतून तिसरी वजा करायची आणि मग पहिलीला दुसरीने भागायचं. काचेवरची धूळ, लेझरवरचे डाग, सगळं भागाकारात कटतं आणि मध्ये एक ठिपका उरतो. कच्च्या चौकटीकडे पाहिलं तर फारच निराशा होते: राखाडी पार्श्वभूमी, तिच्यावर गोल-गोल डाग, आणि त्यातला नेमका कुठला डाग म्हणजे अणू हे सरावाशिवाय ओळखूही येत नाही.

सावलीवरून अणू कुठे आहेत ते कळलं. वेग कसा कळायचा? वाडगा अचानक बंद करून. एसटी स्टँडवरून सगळ्या गाड्या एकाच क्षणी सुटल्या आणि तासाभराने वरून फोटो काढला, तर कोणती गाडी कुठवर पोचली यावरून तिचा वेग सांगता येतो. स्टँड कितीसं मोठं, त्याने फरक पडत नाही. अणूंचंही तसंच. काही मिलिसेकंद पसरू द्यायचं आणि मग सावली टिपायची. पोस्टरवरची जमीन ‘वेगाची’ कशी, त्याचं उत्तर हे. जागेचाच फोटो, पण उशिरा काढलेला.

त्या पोस्टरवर एक बारकावा आहे जो मी कितीतरी वर्षं बघूनही पाहिला नव्हता. बसका लाल-पिवळा पसारा वरून गोल आहे. निळा-पांढरा सुळका गोल नाही, एका दिशेने चपटा आहे. साधा गरम वायू सगळ्या दिशांना सारख्याच वेगाने पसरतो, मग वाडगा कुठल्याही आकाराचा असो. पण कॉर्नेलचा वाडगा एका दिशेने जास्त घट्ट होता. त्या दिशेला लाट जास्त दाबली गेलेली होती, आणि क्वांटम नियम असा की जागेत जितकं दाबाल तितका वेगातला पसारा वाढतो. सोडल्यावर ढग नेमका त्याच दिशेने जास्त फुगला. अणूंच्या आपसातल्या ढकलाढकलीचाही त्यात वाटा असतो, पण गोल आणि चपटा या फरकाने बघणाऱ्यांची खात्री पटली की हे नुसतं गार वायूचं गाठोडं नाही. हायझेनबर्गचं अनिश्चिततेचं तत्त्व, जे आपण परीक्षेत चार गुणांसाठी लिहिलं, ते तिथे डोळ्यांना दिसतं.

लाट एका फटक्यात दिसली ती १९९७ साली

तरीही कोणी म्हणेल, चपटा ठिपका म्हणजे लाट नव्हे. लाटेची खरी ओळख म्हणजे दोन लाटा भेटल्या की कुठे दुप्पट चढतात, कुठे एकमेकींना खाऊन टाकतात. तळ्यात दोन खडे टाकून बघा. एमआयटीत केटर्ले यांच्या गटाने सोडियमच्या एका ढगाच्या मधोमध प्रकाशाचा पडदा घालून त्याचे दोन ढग केले, दोन्ही सोडून दिले आणि ४० मिलिसेकंद पसरून एकमेकांत मिसळल्यावर सावली टिपली. तिच्यात सरळ पट्टे होते. अणू आहेत, नाहीत, आहेत, नाहीत, दर १५ मायक्रोमीटरला एक पट्टा. दोन ठिकाणांहून अणू आले आणि मधल्या जागी अणूच नाहीत! गोळ्या असत्या तर हे कधीच झालं नसतं.

आता बारीक गोष्ट. एका फोटोत पट्टे स्वच्छ दिसतात. तोच प्रयोग पुन्हा केला की पट्टे तेवढेच स्वच्छ, पण जागा सरकलेली. शंभर फोटोंची सरासरी काढली तर पट्टे पुसले जातील. असं का? दोन बंद खोल्यांत दोन तबलजी एकाच लयीत ठेका धरून बसले आहेत अशी कल्पना करा. दार उघडलं की दोघांच्या समेत काही एक अंतर ऐकू येतं, आणि ते त्या दिवसापुरतं पक्कं असतं. उद्या पुन्हा बसवलं तर अंतर वेगळं येईल. ढगातल्या सगळ्या अणूंची सम एक असते, दोन ढगांतल्या समेचं अंतर मात्र दर वेळी नव्याने ठरतं.

संघनिताचं खरं वैभव इथे आहे, आणि लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दाही. एका अणूची लाट एका फोटोत कधीच दिसत नाही. एका अणूवर प्रकाश टाकला की तो कुठेतरी एका जागी सापडतो आणि एक ठिपका मिळतो, बस. लाट सांगते ती ठिपका कुठे पडण्याची शक्यता किती, ते. संघनितात मात्र लाखो अणूंची लाट एकच. एका फोटोत एकाच लाटेचे लाखो ठिपके पडतात आणि लाटेचा आकार आपोआप भरून निघतो. शितावरून भाताची परीक्षा करतात, पण इथे एका शितावरून काही कळत नाही. संघनित म्हणजे अख्खं पातेलंच एका वेळी ताटात.

यानंतर अशा चित्रांचा सपाटाच लागला. ढग घुसळला तर तो भांड्यातल्या पाण्यासारखा सगळा एकत्र फिरत नाही, त्याला छोटी छोटी भोवऱ्याची भोकं पडतात, कारण एका फेरीत लाटेची पूर्ण आवर्तनंच बसली पाहिजेत, साडेतीन चालत नाहीत. एमआयटीच्या २००१ सालच्या फोटोंत अशी शंभरावर भोकं मधाच्या पोळ्यासारखी मांडलेली दिसतात. ही भोकं पाहून माझ्या बहिणीला जाळीदार घावन आठवलं. तिचं चुकलं नाही, फक्त घावनाची जाळी इतकी शिस्तीत पडत नाही.

आप्पेपात्र

पातेल्यातला भात सोडून आता एकेका शिताकडे. लेझर आरशावर पाडून स्वतःवरच परतवला की प्रकाशाची स्थिर लाट उभी राहते: उजेड, काळोख, उजेड, काळोख. योग्य रंग निवडला तर अणू उजेडाच्या ठिकाणी जाऊन बसतात. दोन-तीन दिशांनी असे किरण लावले की प्रकाशाचं आप्पेपात्र तयार होतं, ओळीने खळगेच खळगे. लेझरची तीव्रता वाढवली की खळगे खोल होतात, कमी केली की उथळ. घरातल्या आप्पेपात्राला अशी कळ असती तर चटणीआधीच आप्पे संपले असते.

उथळ पात्रात पीठ कडा ओलांडून सगळीकडे पसरतं. अणूंची लाटही तशीच सगळ्या खळग्यांवर पसरलेली असते, सम एक. हा अतिप्रवाही. पात्र खोल करत गेलं की एक वेळ अशी येते की अणूंना शेजाऱ्याच्या खळग्यात जाणं परवडत नाही, कारण एका खळग्यात दोघे आले की एकमेकांना ढकलतात आणि त्याची किंमत पडते. मग प्रत्येक खळग्यात मोजून एक अणू, जागचा हलत नाही. याला मॉट निरोधक म्हणतात.

म्युनिकमध्ये मार्कुस ग्राइनर, इमानुएल ब्लॉख, थिओडोर हेन्श आणि सहकाऱ्यांनी २००२ साली हे करून दाखवलं. पात्र बंद करून, अणूंना पसरू देऊन सावली टिपली. उथळ पात्रातून सोडलेल्या अणूंची टोकदार, ठळक शिखरं दिसली, कारण सगळ्या खळग्यांतून निघालेल्या लाटा समेवर होत्या. खोल पात्रातून सोडल्यावर शिखरं गायब आणि एक पुसट गोळा. पात्र पुन्हा उथळ केलं तर काही मिलिसेकंदांत शिखरं परत आली.

हा सगळा फोटो लांबूनच. एकेक खळगा आत डोकावून बघायला २००९ साल उजाडावं लागलं. ग्राइनर तोवर हार्वर्डला गेले होते. त्यांच्या गटाने अणूंच्या अगदी जवळ भिंग बसवून असा सूक्ष्मदर्शक केला की एकेका खळग्यातला एकेक अणू वेगळा दिसू लागला. खळग्यांमधलं अंतर ६४० नॅनोमीटर, म्हणजे एका केसाच्या जाडीत शंभरेक खळगे. २०१० मध्ये म्युनिकजवळ गार्शिंगच्या माक्स प्लांक संस्थेत ब्लॉख आणि श्टेफान कूर यांच्या गटानेही तसा सूक्ष्मदर्शक दाखवला. पद्धत अशी: बघायच्या क्षणी पात्र एकदम खूप खोल करायचं म्हणजे अणू गोठतात, मग त्यांना प्रकाशाने उजळवायचं आणि त्याच प्रकाशाने थंडही ठेवायचं, नाहीतर ते तापून खळग्यातून उडतील. प्रत्येक अणूकडून हजारो फोटॉन जमा झाले की पडद्यावर एक तेजस्वी ठिपका उमटतो.

यात एक गंमतशीर खोट आहे. एका खळग्यात दोन अणू असतील तर उजेड पडताच ते एकमेकांवर आदळून जोडीने बाहेर पडतात. तीन असतील तर दोघे जातात, एक उरतो. म्हणजे हा सूक्ष्मदर्शक अणू मोजत नाही, तो एकी-बेकी खेळतो. एकी असेल तर दिवा लागतो, बेकी असेल तर अंधार. मधल्या भागात दोन-दोन अणू भरलेले असतील तर फोटोत मध्ये काळा गोल आणि भोवती उजळ कडं दिसतं. न सांगता दाखवलं तर कोणीही म्हणेल की मध्ये काही नाही. आणि तिथेच सर्वांत जास्त अणू आहेत!

आता ही दोन चित्रं शेजारी ठेवा. लांबून, सोडून देऊन काढलेल्या फोटोत अतिप्रवाही सुबक आणि टोकदार, मॉट निरोधक पुसट. सूक्ष्मदर्शकाखाली बरोबर उलट: मॉट निरोधक म्हणजे कवायतीला उभ्या मुलांसारखे ओळीने ठिपके, आणि अतिप्रवाही म्हणजे नुसता विस्कळीत शिडकावा, प्रत्येक फोटोत वेगळा. मग शिस्तीत कोण आणि बेशिस्त कोण? प्रश्नच तसा विचारता येत नाही. पहिला फोटो विचारतो, वेग काय? दुसरा विचारतो, जागा कोणती? अतिप्रवाहीने वेगाचं उत्तर पक्कं केलं आणि जागेचं मोकळं सोडलं, मॉट निरोधकाने जागेचं पक्कं केलं आणि समेचं सोडून दिलं. ‘क्वांटम अवस्था’ म्हणजे या दोन्ही फोटोंच्या मागे जे काही आहे ते. तिचा स्वतःचा असा एक फोटो नसतो. निव्वळ तिला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं असतात.

हे डोक्यात ठेवलं की अधूनमधून फिरणारे ‘अणूची लाट कॅमेऱ्यात पकडली’ असे मथळे वाचता येतात. ते खोटे नसतात. पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरियरमधल्या संशोधकांनी लिथियमच्या एकेका अणूला खळग्यात पकडलं, मग पात्र अचानक बंद केलं, लाटेला मोकळ्या जागेत क्षणभर पसरू दिलं, आणि पात्र पुन्हा चालू करून तो कुठे सापडतो ते टिपलं. २०२५ साली ते प्रसिद्ध झालं. सुरेख गोल, कडेला विरत जाणारा तेजाचा गोळा, वेळ वाढवला तसा मोठा होत गेलेला, आणि किती मोठा हे, लाट कशी पसरेल ते सांगणाऱ्या श्रोडिंजरच्या समीकरणाने सांगितलं तसंच. पण तो गोळा एका अणूने एका वेळी काढलेला नाही. प्रत्येक खेपेला अणू एकाच ठिकाणी सापडला. तो गोळा म्हणजे पुनःपुन्हा केलेल्या प्रयोगातल्या ठिपक्यांची रांगोळी.

हे सगळं भाचीला फोनवर सांगून झाल्यावर ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे पोस्टरवर डावीकडचा ढग थंड होत होत मधला झाला आणि मग उजवीकडचा, असंच ना?”

मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो. पण सावली टिपायला टाकलेला तो प्रकाशाचा झोत ढगाला तापवून उधळून टाकतो. फोटो निघाला की ढग संपला. पुन्हा लेझर, पुन्हा वाडगा, पुन्हा काठ खाली आणणं, आणि पुढच्या वेळी काठ आणखी जरा खाली. पोस्टरवरचे तीन डोंगर तीन वेगवेगळ्या खेपांचे आहेत. लाल-पिवळ्या डोंगरातल्या एकाही अणूने तो निळा सुळका पाहिलेला नाही.